बोलणे, सांगणे, म्हणणे : खान्देशातून इंग्लंडला आलेल्या नव्या मंडळींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून इथे येणाऱ्या आपल्या मुलामुलींना इंग्रजी जमणार नाही, असे मला कधीच वाटले नाही. घरी अहिराणीतले ‘शे’ आणि शाळेत पुस्तकातले ‘आहे’ अशी दोन्ही रूपे एकाच दिवसात वापरत जे मोठे झाले, त्यांना भाषा बदलण्याची सवय असतेच. अडते ते बोलण्याविषयीच्या अगदी साध्या शब्दांपाशी, आणि तिथे आपली मराठी क्रियापदेच उपयोगी पडतात.

‘से’ म्हणजे म्हणणे आणि ‘टेल’ म्हणजे सांगणे, एवढे पक्के धरावे. सांगायचे तर समोर ऐकणारा हवा, म्हणून ‘टेल’ला लागूनच तो येतो: ‘टेल मी’. ‘से मी’ चुकीचे आहे. तिथे मध्ये ‘टू’ लागतो. भाषा येते हे सांगताना ‘स्पीक’ वापरावे, गप्पांसाठी ‘टॉक’.

‘वर्ड’ या शब्दाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आपण शब्द देतो, कोणासाठी शब्द टाकतो, तसे इंग्रजीतही ‘गिव्ह माय वर्ड’ आणि ‘पुट इन अ गुड वर्ड’ आहे. पण एका गोदामात काम करत असताना, सहकाऱ्याशी पाळीबद्दल बोलणे झाले या अर्थाने मी साहेबांना ‘आय हॅड वर्ड्स विथ हिम’ असे सांगितले. त्याचा अर्थ बाचाबाची झाली असा होतो. आम्हा दोघांना लगेच आत बोलावले गेले, आणि त्या भल्या माणसाला विनाकारण खुलासा करावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते. ‘हॅड अ वर्ड’ असे एकवचन वापरले असते, तर थोडे बोलणे झाले एवढाच अर्थ निघाला असता. साहेबांनीच ‘कॅन आय हॅव अ वर्ड?’ असे विचारले, तर त्यांना बाजूला घेऊन बोलायचे आहे असे समजावे.

फोनवर ‘स्पीक अप’ असे ऐकू आले तर दुखावून घेऊ नये; आवाज मोठा करा, एवढेच ते सांगणे असते. खडसावण्यासाठी ‘टेल ऑफ’ हा वेगळा प्रयोग आहे.

‘व्हिस्पर’ म्हणजे कुजबुजणे, ‘मंबल’ म्हणजे अस्पष्ट बोलणे, आणि ‘मटर’मध्ये पुटपुटण्याबरोबर बहुधा नाराजीही असते. कामावर दोघे खान्देशी हळू आवाजात अहिराणीत बोलू लागले, की शेजारच्याला ते ‘मटर’ वाटू शकते. तेव्हा विषय काय चालला आहे, हे त्यालाही दोन वाक्यांत इंग्रजीतून सांगावे.