स्पर्धकाच्या मशीनवर आपलं काम: देवाणघेवाण कशी जमवावी

बीएनआय या व्यावसायिकांच्या नेटवर्किंग संस्थेच्या एका चॅप्टरमध्ये (शाखेत) एका व्यवसायाचा एकच माणूस घेतात. तिथे इंटिरियरवाला भेटेल, विमावाला भेटेल, सीए भेटेल. तुमच्यासारखा व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीनिंग सेंटर) चालवणारा मात्र भेटणार नाही. जाऊ नका असं नाही. पण शनिवारी रात्री स्पिंडल (मशीनचा टूल फिरवणारा भाग) बसला आणि सोमवारी कस्टमरच्या लाइनला माल हवा असला, की विमावाला काय करणार? ज्याच्याशी कोटेशनमध्ये आपण आठ-आठ आण्यांसाठी झगडतो, तोच तेव्हा कामाला येतो. हे भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्यांसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मशीनिंग करून देणाऱ्यांसाठी लिहितोय. बाकीच्यांनी आपापल्या धंद्याप्रमाणे बदलून घ्यावं.

१. माणूस निवडा
मशीन आपल्यासारखं, कस्टमर वेगळा. शॉपमधल्या गेजवर (मापाच्या साधनावर) कॅलिब्रेशनची तारीख उलटलेली दिसली तर चहा पिऊन परत या. कोणाकडे कुठलं मशीन रिकामं आहे, हे इन्सर्ट (कटिंग टूलची पाती) विकायला येणाऱ्या सेल्समनला पक्कं ठाऊक असतं. (तुमच्याकडचंही तो पुढच्या गाळ्यात सांगत असतो, हे लक्षात ठेवून बोला.)

२. ओळख काढा
गुरुवारी जा. भोसरीला सुटी असते, मालक मेंटेनन्स काढून बसलेला असतो, फोनही कमी वाजतो.

३. आधी छोटं काहीतरी मागा
एखादं प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं), एखादा टूल होल्डर. पुसून, तेल लावून, डबीसकट परत करा. परत द्यायला जाणं हीच दुसरी भेट.

४. पहिलं काम बाहेर द्या
सगळं फिसकटतं ते इथेच. मलाही इथेच सगळ्यात जास्त त्रास झालाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मनात भीती एकच असते: हा आपला कस्टमर पळवणार. मग सल्ले सुरू होतात. पहिला सल्ला, ड्रॉइंगवरचं कस्टमरचं नाव खोडून द्या. अहो, कास्टिंगवर (ओतीव तुकड्यावर) पार्ट नंबर आणि फाउंड्रीची खूण उठलेली असते. भोसरीत मुरलेला माणूस टेम्पोतला माल बघून कस्टमर सांगतो. वर खोडाखोडीत रिव्हिजन नंबरही (ड्रॉइंगची आवृत्ती) जातो आणि समोरचा जुन्या रिव्हिजनचा माल करून ठेवतो.

दुसरा सल्ला याहून घातक: कस्टमरला कळूच देऊ नका. गाडीच्या पार्टचं पीपीएपी (उत्पादन सुरू करण्याआधीची कस्टमरची मंजुरी) तुमच्या जागेवर, तुमच्या प्रोसेसवर मंजूर झालेलं असतं. जागा किंवा सब-व्हेंडर बदलायचा तर आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. ड्रॉइंगही कस्टमरचं असतं आणि ते बाहेर देणार नाही असं आपण बहुधा सही करून बसलेलो असतो. तेव्हा कस्टमरचं पर्चेस आणि क्वालिटी, दोघांनाही मेल टाका आणि लेखी होकार आल्याशिवाय टेम्पो भरू नका. यात फायदाही आहे. सगळं उघड असलं की शेजाऱ्याला मागच्या दाराने जाणं अवघड होतं.

कस्टमर सांभाळायचा खरा उपाय म्हणजे शेवटचं ऑपरेशन आपल्याकडे ठेवणं. रफिंग (सुरुवातीचं जाडंभरडं कटिंग) द्या, पहिलं सेटअप द्या. फिनिश बोअर (भोकाचं शेवटचं अचूक माप) आणि फायनल इन्स्पेक्शन आपल्या शॉपमध्ये. रिपोर्ट आपल्या लेटरहेडवर. ‘दोन वर्षं माझ्या कस्टमरकडे जाणार नाही’ असले स्टॅम्प पेपर करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. एवढ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढतो? स्पिंडल बसल्यामुळे फिनिशसुद्धा द्यावंच लागलं, तर आपला इन्स्पेक्टर तिथे बसवा.

मग मोजमाप. ४० मिमीच्या एच७ (मापाच्या सुटीचा दर्जा) बोअरला उणेअधिक काही नाही, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन एवढीच जागा. त्याचं बोअर गेज त्याच्या रिंगवर (ठरलेल्या मापाच्या मास्टर कड्यावर) सेट, आपलं आपल्या रिंगवर. त्याच्याकडे ओके झालेला माल आपल्याकडे ओव्हरसाइझ. भांडण ठरलेलं. म्हणून मालाबरोबर आपली सेटिंग रिंग पाठवा. पहिला पीस दोन्हीकडे मोजा आणि दोघांच्या सह्या घ्या. मशीनवरून काढल्या काढल्या गरम पीस मोजायचा नाही. ॲल्युमिनियमचा असेल तर १० अंशांच्या फरकाने हाच बोअर साधारण ९ मायक्रॉन हलतो, म्हणजे टॉलरन्सचा तिसरा हिस्सा हवेत गेला.

रिजेक्शनचंही माल उतरायच्या आधीच बोला. मशीनिंगनंतर ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) उघडं पडलं तर दोष कास्टिंगचा. तोवर झालेल्या मशीनिंगचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. बोअर मोठा झाला तर कास्टिंगची किंमत त्याने सोसायची. स्क्रॅप कोणाचं, तेही आत्ताच ठरवा. हे सगळं एका कागदावर, मराठीत लिहिलं तरी चालतं.

पैसे वेळेवर द्या. ‘कस्टमरने दिले की देतो’ हे वाक्य आपण दिवसभर ऐकतो, ते दुसऱ्याला ऐकवू नका. तो उद्यम नोंदणीवाला सूक्ष्म किंवा लघुउद्योग असेल तर २००६च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांची कमाल मर्यादा आहे, करार नसेल तर १५ दिवसांची. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवली तर पैसे देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात धरता येत नाही. सीए मार्चमध्ये ओरडतो तो यावरूनच.

आणि एक दिवस त्याचा फोन येतो: “शेठ, तुमच्या कस्टमरच्या पर्चेसवाल्यांनी मला डायरेक्ट रेट विचारलाय. काय सांगू?” हा फोन आला तर माणूस पक्का. पर्चेसवाल्यांकडूनच तुम्हाला ते कळलं, तर त्याच्याकडचा माल उचला, हिशेब चुकता करा, भांडत बसू नका.

५. कागद
डिलिव्हरी चलन, गरज असेल तिथे ई-वे बिल. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे. फिक्श्चरवर (पीस पकडायच्या साधनावर) नंबर पंच करून तोही चलनावर लिहा.

६. दराबद्दल तोंड बंद
त्याने आपल्या कामाचे किती घ्यायचे, हे बोलायलाच हवं. पण तिसऱ्याला दोघांनी काय कोट करायचं, हे बोललात की तो २००२च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३चा विषय होतो. कार्टेल ठरलं तर दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जातो, यातलं जे जास्त असेल ते, आणि तेही चाललं तेवढ्या प्रत्येक वर्षासाठी. संघटनेच्या चहाला कोणी “सगळे मिळून मशीन-अवर रेट वाढवू या” म्हणालं, की मी उठतो. एकच एन्क्वायरी दोघांकडे आली तर एकमेकांना विचारायचं नाही.

७. त्याचं काम घ्या
त्याचं काम आलं की ठरलेल्या तारखेला लोड करा, आपल्या मालाच्या मागे ढकलू नका. आणि दसऱ्याच्या आधी मशीन भरलेली असली तर त्याला फोनवरच सरळ नाही म्हणा. अजून दुसरीकडे विचारायला त्याच्याकडे वेळ असतो.