बटणं, कमांड की नोटबुक? सॅटेलाइट डेटावर काम करताना या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचा एनडीव्हीआय (पीक किती हिरवं आहे ते सांगणारा -1 ते 1 मधला आकडा) काढायला बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिक करत बसू की सरळ कमांड लाइन, म्हणजे टाइप करून काम सांगणं, शिकू. त्याआधी हे काम किती वेळा करायचंय ते बघा. एकाच तारखेची इमेज असेल तर क्लिक करून मोकळे व्हा. पण ऑक्टोबर छाटणीपासून माल काढेपर्यंत सेंटिनल-2 उपग्रहांची दर 5 दिवसांची इमेज घ्यायची असेल तर क्लिक करून करून जीव जाईल, आणि मधेच एखादं सेटिंग बदललं तर ते कळणारही नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे फॉर्म्युला (निअर-इन्फ्रारेड आणि रेड या दोन प्रकाशपट्ट्यांची, म्हणजे बँडची, वजाबाकी भागिले बेरीज) तोच आहे ना, मग उत्तरही तेच येणार असं धरून चालणं. क्यूजीआयएसचा रास्टर कॅल्क्युलेटर (इमेजच्या पिक्सेलवर गणित करणारं टूल) दशांश नीट सांभाळतो. तेच काम करणाऱ्या जीडॅल-कॅल्क या कमांडला मात्र आउटपुटचा टाइप फ्लोट32 (दशांश आकडा) म्हणून सांगावा लागतो, नाहीतर तो इनपुटवरून पूर्णांकच धरतो आणि 0.6 वगैरे दिसायला हवं तिथे नुसते 0 नाहीतर 1. बरं, टाइप सांगितला तरी संपलं नाही. गंगापूर धरणाचं पाणी घ्या, तिथे निअर-इन्फ्रारेड समजा 300 आणि रेड 500, तर उत्तर -0.25 पाहिजे, पण इमेजमधल्या 16 बिटच्या बिनचिन्ह आकड्यात (0 ते 65535) उणे 200 मावतच नाही, त्याचे 65336 होतात आणि एनडीव्हीआय येतो 81.67! म्हणून वजाबाकीच्या आधीच दोन्ही बँड फ्लोट करून घ्या. आणि क्लिकवरून कमांडवर, अशा नवीन इंटरफेसवर जाताना एक इमेज दोन्हीकडे चालवून पाणी, बाग, डांबरी रस्ता अशा चार-पाच पिक्सेलचे आकडे ताडून बघाच, हे खरंच मनापासून सांगतोय.

कमांड पाठ करायची गरज नाही हो. क्यूजीआयएसच्या टूलबॉक्समधलं टूल उघडलं की खाली अ‍ॅडव्हान्स्ड बटण असतं, त्यात कॉपी अ‍ॅज पायथन कमांड मिळतं, तुम्ही भरलेल्या सगळ्या सेटिंगसकट. तेच लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक इमेजवर तीच कमांड आपोआप फिरवणाऱ्या कोडमध्ये टाका.

ज्युपिटर नोटबुकवाल्यांनी सेल, म्हणजे कोडचे सुटे तुकडे, वर-खाली चालवून आलेला आकडा रिपोर्टमध्ये टाकू नये. आधी रीस्टार्ट अँड रन ऑल, मग जे येईल ते खरं.

आणि प्लॉटच्या यादीची सीएसव्ही (साध्या मजकुराची) फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. गट नंबर 12/3 असेल तर एक्सेल त्याची 12 मार्च करून टाकतं, तुम्ही सेव्ह केलं की सीएसव्हीत तारीखच जाते, आणि मग शेपफाइलशी (प्लॉटच्या हद्दींच्या नकाशाच्या फाइलशी) गट नंबरवरून जॉइन लावताना, म्हणजे यादी जोडताना, नेमके तेच प्लॉट गायब होतात. डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, ट्रान्सफॉर्म डेटामध्ये जाऊन त्या कॉलमला टेक्स्ट करा, आणि विचारलं तर रिप्लेस करंट म्हणा. आधीच सेव्ह झालं असेल तर कॉलम फॉरमॅट बदलून गट नंबर परत येत नाही, मूळ फाइलच पुन्हा घ्यावी लागते.