मोबाईलमधलं मांजर आणि घरातलं लेकरू : या चुका टाळा

“मम्मी, मांजर उपाशी आहे” म्हणत पोरगं मागे लागतं, आणि आपण चिडून फोन हिसकावतो. पहिली चूक इथेच होते. पाच-सहा वर्षांच्या लेकराला ती भूक खरी वाटते. मोबाईलवरच्या या प्राणी पाळायच्या खेळांत बहुतेक भूक, झोप, स्वच्छता आणि मजा असे चार पट्टे असतात. ॲप बंद असलं तरी ते घड्याळाप्रमाणे उतरत राहतात. म्हणून फोन घेण्याआधी प्राण्याला खाऊ घालून, दिवा मालवून झोपवायला सांगा. झोपेत ताकद भरते आणि “आता ते झोपलंय” हे पोरांना पटतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत दिवस घालवायचा असेल, तर निघताना हेच करा. १९९६ मध्ये जपानात आलेल्या तामागोची या खेळण्यातलं पिल्लू दुर्लक्ष झालं की मरायचं. ‘माय टॉकिंग टॉम’ या मोबाईल खेळातलं मांजर मात्र मरत नाही, नुसतं मलूल होतं. संध्याकाळी ॲप उघडून हे एकदा मुलाला दाखवाच.

वेळ जातो कुठे? खाऊ, अंघोळ, झोप यांना जेमतेम तीन-चार मिनिटं लागतात. बाकी सगळा वेळ नाणी मिळवायच्या छोट्या खेळांत आणि ‘व्हिडिओ बघा, नाणी घ्या’मध्ये जातो. “दहाच मिनिटं हं” हे लहान मुलाला मोजता येत नाही. “जेवण, अंघोळ, एक खेळ, मग झोप” हे येतं. जाहिरातींवरचा उपाय सोपा आहे : खेळायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वाय-फायही बंद आहे ना ते बघा. असे बरेच खेळ इंटरनेटशिवाय चालतात. “मला भूक लागली” अशा सूचना फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपपुरत्या बंद होतात.

यूपीआयला पिन लागतो म्हणून निर्धास्त राहू नका. प्ले स्टोअरमध्ये कार्ड जोडलेलं असेल किंवा गुगल प्लेच्या रिचार्जची शिल्लक असेल, तर दोन टिचक्यांत नाण्यांची पेटी विकत घेतली जाते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीसाठी पडताळणी सक्तीची करा. आपलं बोट देऊन “घे उघडून” म्हणायची सवय असेल, तर या सक्तीचाही उपयोग नाही. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेकडे परताव्याची मागणी करा.

सर्वांत जास्त रडवणारी चूक मोठ्यांचीच असते. फोन भरला म्हणून कुणीतरी ‘क्लिअर स्टोरेज’ दाबतं आणि महिनाभर वाढवलेलं मांजर पुन्हा पिल्लू होतं. जागा हवी असेल तर फक्त ‘क्लिअर कॅशे’ दाबा, त्याने पिल्लाला काही होत नाही. फोन बदलण्याआधी खेळातली प्रगती खात्यावर साठवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर मुलाला आधीच सांगा.

ताकद लवकर भरावी म्हणून थोरला भाऊ फोनची तारीख पुढे ढकलतो, मग व्हॉट्सॲप उघडत नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवली की झालं.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. तेव्हा चार्जिंगला लावलेला फोन घेऊन चादरीत शिरून खेळलं, की तो तापतो, चार्जिंग मंदावतं, स्क्रीन अंधूक होते. अशा वेळी चार्जर काढा, कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.