सिस्टर गेल्यावर: आपल्या गटाने तिची आठवण कशी ठेवावी

आमच्या परिचारिकांच्या गटात दर महिन्याच्या एक तारखेला वाढदिवसांची यादी पडते. तीन वर्षांमागे त्या यादीत फुलांच्या चित्रासकट एका सिस्टरचे नाव आले, आणि तिला जाऊन चार महिने झाले होते. तिचा फोन मुलीकडे असायचा. संदेश कोणी वाचला ते मी उघडून पाहिले, तर सगळ्यात वर त्या फोनचेच नाव. मुलीने एका शब्दानेही विचारले नाही. यादी करणारी मीच होते.

तेव्हापासून आम्ही जे बसवत आणले ते इथे लिहीत आहे. आमचा गट गोव्यातल्या फोंड्याच्या आसपासचा आहे. निम्म्या निवृत्त, निम्म्या अजून ड्युटीवर; हिंदू, कॅथलिक, मुसलमान सगळ्या. शिक्षिका, वकील किंवा बँकेतल्या बायकांच्या गटालाही यातले बरेच चालेल.

आधी एक वही करा

कोणी जाण्याची वाट न पाहता करा. प्रत्येकीला एक पान. त्यावर नाव, घरच्या एका माणसाचा नंबर, कुठे कुठे नोकरी केली, आणि एक बरा फोटो. नाव लिहिताना माहेरचे आणि सासरचे दोन्ही घ्या. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावसुद्धा बदलायची रीत होती, त्यामुळे ट्रेनिंगच्या मैत्रिणी एका नावाने ओळखतात आणि वाड्यावरचे दुसऱ्या. पेपरात फक्त सासरचे नाव आले की तिच्या बॅचच्या बायकांना कळतच नाही कोण गेले.

नोकरीच्या जागांची नावे तेव्हाची लिहा. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो, पणजीत नदीकाठी होते ते जुने गोवा मेडिकल. नुसते 'जिल्हा इस्पितळ' लिहिले तर जुन्या बायकांना काही आठवत नाही. 'आझिलो' म्हटले की रात्रपाळीतल्या सगळ्या गोष्टी बाहेर येतात.

वाढदिवसांची यादी याच वहीवरून काढायची, दुसरीकडून नाही.

बातमी आल्यावर

गटावर बातमी टाकण्याआधी घरच्यांना विचारा. मुंबईहून किंवा आखातातून मुलगा निघालेला असतो आणि आई गेल्याचे त्याला व्हॉट्सॲपवरून कळते, असे होता कामा नये. बातमी एकीनेच टाकावी: नाव, कधी, अंत्यविधी कुठे, किती वाजता. ती कशाने गेली ते लिहू नका. सगळ्या वैद्यकीय पेशातल्या असल्यामुळे लगेच निदानाची चर्चा सुरू होते. ती थांबवणे हे ॲडमिनचे काम.

भेटायला दोघी किंवा तिघी जा. वीसजणी एकदम गेल्या की घरच्यांची खुर्च्या आणि चहा यांतच धांदल होते. हिंदू घरात बाराव्या-तेराव्यापर्यंत माणसांची वर्दळ असते, कॅथलिक घरात सातव्या दिवसाची मीस (चर्चमधली प्रार्थना) आणि मग महिन्याची. या दिवसांत कार्यक्रमाचे बोलणे काढूच नका. खरी पोकळी येते ती महिन्या-दीड महिन्याने. तेव्हा एकीने पुन्हा जाऊन यावे, रिकाम्या हाताने गेले तरी चालते.

दुखवट्याचा ठराव

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ठराव घरी जातो, फाइलला लागतो, नातवंडे तो वाचतात. आणि आपण काय लिहितो? 'अत्यंत मनमिळाऊ, सेवाभावी व कर्तव्यदक्ष परिचारिका आपल्यातून निघून गेल्याने कधीही न भरून येणारी पोकळी.' नाव बदला, कोणालाही लागू. आमच्या फाइलमध्ये असे अकरा ठराव आहेत, आणि त्यातल्या दोन सिस्टर मनमिळाऊ अजिबात नव्हत्या. एक तर चांगलीच तापट होती, आणि वॉर्ड तिच्याच भीतीने चकचकीत राहायचा.

ठराव लिहिण्याआधी तिच्याबरोबर पाळी केलेल्या तिघींना फोन करा आणि एकच विचारा: 'तिला काय येत होते, जे तुला येत नव्हते?' 'ती कशी होती?' असे विचारले की गुणवर्णन सुरू होते. काय येत होते म्हटले की हात आठवतात.

एका सिस्टरबद्दल असे विचारले तर लहान मुलांच्या वॉर्डातली तिची धाकटी सहकारी म्हणाली, 'बाळाची शीर सापडेना की आम्ही टपटप मारत बसायचो. ती मारायची नाही. बाळाचा पंजा आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बसायची, दोन-तीन मिनिटे, आईशी गप्पा मारत. मग हात उघडायची तेव्हा शीर वर आलेली असायची.' उबेने शीर फुगते हे पुस्तकात आम्ही सगळ्यांनीच वाचले होते. ठरावात हे चार ओळींत जसेच्या तसे घातले. तिच्या नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, माझे हात गार पडले की ती असेच धरायची, मला वाटायचे ही तिची माझ्यापुरती सवय आहे.

रुग्णाचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र कुठेही येऊ देऊ नका. बाई गेली तरी तिने पाळलेले गुपित आपण फोडायचे नसते.

नावाआधी काय लावायचे, हा प्रश्न दर वेळी येतो. 'कै.' म्हणजे कैलासवासी. कॅथलिक सिस्टरच्या नावाआधीही ते छापलेले मी पाहिले आहे. तिला न विचारता आपण तिला कैलासावर नेऊन ठेवले. सगळ्यांना 'दिवंगत' लावा आणि पुढे 'सिस्टर'. सौ., श्रीमती, गं. भा. काही नको. नवरा आहे की नाही हे ठरावात सांगायचे कारण नाही.

फोटो

घरच्यांकडे बहुधा लग्नसमारंभातला फोटो असतो, आपल्याकडे ओळखपत्रावरचा. गणवेशातला मिळाला तर तोच घ्या. पासपोर्ट आकाराचा छोटा फोटो (३.५ × ४.५ सेंमी) १२०० डीपीआयवर स्कॅन करा, त्यातून ५ × ७ इंचाची प्रत नीट निघते. त्याहून मोठा करायला गेलात तर चेहरा पिठासारखा दिसतो. मोबाइलवर फोटोचा फोटो काढू नका, काचेत तुमचाच हात दिसतो.

स्मरणाचा दिवस

प्रत्येकीची तिथी धरत बसलात तर दोन वर्षांत सगळे बंद पडेल. वर्षातून एकच दिवस धरा. पितृपक्षात केले तर कॅथलिक बायका पाहुण्यासारख्या बसतात, २ नोव्हेंबरला, कॅथलिकांच्या मृतांच्या स्मरणदिनी केले तर हिंदू. आम्ही पेशाचाच दिवस घेतला: १२ मे, जागतिक परिचारिका दिन, फ्लोरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. समई की मेणबत्ती हा वादही त्यातच मिटला. ट्रेनिंगमध्ये दिवा हातात घेऊन शपथ आपण सगळ्यांनीच घेतलेली असते. तो दिवा ठेवायचा.

कार्यक्रम पाऊण तासाच्या वर नेऊ नका. मंत्री, आमदार, सरपंच कोणालाही बोलावू नका; आले की भाषण आणि शाल आलीच. क्रम असा: दिवा, वर्षभरात गेलेल्यांचे ठराव, मग आधीच्या सगळ्यांची नुसती नावे, दोन मिनिटे स्तब्धता, चहा. नावे गेलेल्या वर्षाच्या क्रमाने वाचा, हुद्द्याच्या नाही. मेट्रन आधी आणि आया शेवटी, हे इथे तरी नको. वर्गणी थकलेली, भांडून गट सोडलेली, तिचेही नाव वाचायचे. वहीत एकदा आले ते आले.

वाचणारीने आदल्या दिवशी नावे मोठ्याने वाचून पाहावीत. आडनाव चुकले की घरच्यांना तेवढेच लक्षात राहते.

आमच्याकडे नावे पाळी बदलताना देतो त्या रिपोर्टसारखी वाचतात. एकजण उभी राहून नाव आणि वॉर्ड सांगते, बाकीच्या 'घेतला' म्हणतात. ही कल्पना एका निवृत्त सिस्टरची, आणि पहिल्या वर्षी मला ती नाटकी वाटली होती.

फुलांचे एक सांगते. फोटोंपुढे अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, ठेवायचे ठरले तेव्हा एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, अमुक सिस्टरला नवरा नव्हता, तिला अबोली कशी? तिच्यासोबत बारा वर्षे काम केलेली दुसरी उठली आणि सगळ्यात जाड वळेसर तिच्याच फोटोपुढे ठेवून आली. बोलणे तिथेच संपले. मुसलमान सिस्टरच्या घरच्यांना फोटोला फुले घालणे पसंत नसेल, तर नुसते नाव लिहिलेले कार्ड ठेवा. विचारून घ्या.

उरलेली कामे

व्हॉट्सॲपवरून तिचा नंबर घाईने काढू नका. घरच्यांना विचारून, महिन्याभराने, आधी सांगून काढा. पण काढा जरूर. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. गटाच्या बँक खात्यावर तिची सही असेल तर मृत्यूचा दाखला आणि नव्या सहीचा ठराव घेऊन लगेच बँकेत जा. गटाची कागदपत्रे तिच्या ईमेलवर असतील तर तेही पाहा.

तिच्या नावाने बक्षीस ठेवायची कल्पना हमखास निघते. आधी हिशेब करा. ५०,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३,५०० मिळतात. त्यात एका विद्यार्थिनीची पुस्तके होतील, समारंभ होणार नाही. प्रत्येकीच्या नावाने वेगळे बक्षीस सुरू केले तर पाचव्या वर्षी पैसे देणाऱ्यांना तोंड चुकवावे लागते. सगळ्यांच्या नावे एकच निधी ठेवा.

कार्यक्रम झाला की त्याच आठवड्यात, म्हणजे पावसाच्या आत, नवे ठराव आणि फोटो वहीत लावून टाका. जूनपासून आपल्याकडे कपाटातल्या कागदाला बुरशी धरते आणि भिंतीला लागून ठेवलेल्याला वाळवी. वही घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि दुसरी प्रत दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्या कोणाकडे तरी द्या. आमची डिचोलीला आहे.