गाडीखालचा वरवरचा गंज: कोटिंग मारण्याआधी हे करा

दोन-तीन वर्षांच्या गाडीखालीही वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि नटबोल्टांवर तांबूस थर दिसतो. कोकणकिनारी खाऱ्या हवेत तर हमखास. घाबरू नका, पण त्यावर थेट काळं अँटी-रस्ट कोटिंगही मारून घेऊ नका. आत ओल अडकली की गंज झाकल्या जागी पत्रा खात राहतो आणि वरून काहीच कळत नाही.

एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत हे काम काढा.

१. वॉशिंग सेंटरवर गाडी रॅम्पवर चढवून खालून साध्या पाण्याने धुऊन घ्या. चाकांच्या वरच्या खाचांतला चिखल हाताने काढा, ओल तिथेच टिकते. पूर्ण एक दिवस वाळू द्या.

२. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. डोळ्यांना गॉगल हवाच. आता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. पत्रा दबला किंवा पापुद्रे निघाले तर हा वरवरचा गंज नाही. गाडी चांगल्या पत्राकाम करणाऱ्याला दाखवा.

३. थिनरच्या फडक्याने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर लावा. तो वाळला की काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात.

ब्रेक डिस्क, सायलेन्सर, रबरी बुश आणि पाणी निघायची भोकं रंगवायची नाहीत. डिस्कवरचा हलका गंज चार ब्रेक मारले की आपोआप जातो.

घरी करणार असाल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.