निळ्यावर निळं बटण आणि सिलेक्टरचं वजन

ताईच्या शिवणवर्गासाठी एक साधं वेबपेज बनवत होतो. मेनूत ‘प्रवेश घ्या’ हे बटण हवं होतं, निळ्यावर पांढरी अक्षरं. पण अक्षरं काही केल्या पांढरी होईनात. निळ्यावर निळं, वाचताच येईना.

कॅशे साफ केला, स्पेलिंग तपासलं. शेवटी वैतागून रंगापुढे ‘इम्पॉर्टंट’ (बाकीच्यांना डावलून हाच नियम चालवा, असं सांगणारा शब्द) लावलं. अक्षरं पांढरी झाली खरी, पण माउस नेल्यावर ती पिवळी व्हायला हवी होती, ती होईनात. एकीकडे ठिगळ लावलं तर दुसरीकडे उसवलं.

‘इम्पॉर्टंट’ काढून टाकलं, बटणावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं; कुठले नियम लागू झाले ते ब्राउझर तिथे दाखवतो. माझा पांढरा रंग तिथे होता, पण त्यावर काट मारलेली! त्याच्या वर दुसरा नियम: मेनूच्या आयडीतल्या (आयडी म्हणजे पानावरच्या एकाच घटकाला दिलेलं नाव) सगळ्या लिंक निळ्या. आणि माझं बटणही लिंकच.

पानाचं रूप ठरवणारी भाषा म्हणजे सीएसएस. नियम कशाला लागू ते सांगणारा भाग म्हणजे सिलेक्टर, आणि सीएसएस त्याचं वजन करतं: आधी आयडी मोजतं, मग क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव), मग टॅग (घटकाचा प्रकार, जसं लिंक). मेनूचा नियम १-०-१, म्हणजे एक आयडी, शून्य क्लास, एक टॅग; माझा क्लास ०-१-०. माझा नियम फाइलमध्ये खाली होता, पण त्याचा उपयोग नाही. वजन सारखं असेल तेव्हाच खालचा जिंकतो.

आयडीच्या जागी ‘मेनू’ असा क्लास केला. तरी हरलो, कारण तो नियम ०-१-१ झाला. मग ‘मेनू’ क्लासच्या आतला ‘बटण’ क्लास असा सिलेक्टर लिहिला, ०-२-०. अक्षरं लगेच पांढरी! होव्हरचा, म्हणजे माउस नेल्यावरचा, नियमही तसाच लिहिला, आणि माउस नेताच पिवळा रंग उमटला.