चिल्लरच्या डब्यातलं दुर्मिळ नाणं ओळखायचं कसं

घरातला चिल्लरचा डबा पेपरवर पालथा करा, एक भिंग घ्या आणि खिडकीपाशी उजेडात बसा, एवढ्यावर सुरुवात होते.

पहिलं म्हणजे जुनं नाणं महागच असणार हा समज काढून टाका. २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, तरी प्रत्येक घरात मूठभर निघतात, कारण ते करोडोंनी पाडले होते. १९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणंही तसंच, आपल्याला ते जपावंसं वाटतं आणि जपाच, पण ते सहज मिळतं म्हणून भाव फार नाही.

खरी गंमत सालाखाली असते. तिथे हिऱ्यासारखी चौकट दिसली तर नाणं मुंबई टांकसाळीचं, चांदणी दिसली तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. १९८५ च्या रुपयावर एच अक्षर सापडलं तर तो बर्मिंगहॅमला पाडलेला, कारण तेव्हा सरकारने बाहेरूनही नाणी करून घेतली होती. आता एकाच सालचं नाणं चार टांकसाळींनी पाडलं आणि त्यातल्या एकीने अगदी थोडं पाडलं, तर बाकी तीन चिल्लरच राहतात आणि ते चौथं कलेक्टर, म्हणजे नाणी जमवणारा, शोधत फिरतो. म्हणून नुसतं साल बघून नाणं बाजूला टाकू नका, साल आणि खूण दोन्ही वहीत लिहा आणि मग नाण्यांची यादी असलेल्या कॅटलॉगशी ताडून बघा. ब्रिटनमधलं २००९ चं क्यू गार्डनचं ५० पेन्सचं नाणं फक्त २ लाख १० हजार पाडलं होतं, तिकडे राहणाऱ्यांनी सुटे पैसे जरूर तपासावेत.

पण किती पाडली याच्याइतकंच किती उरली हेही महत्त्वाचं. पाचाचं ते जाड नाणं आठवतंय ना, ९ ग्रॅमचं, तांबं-निकेलचं? ती बांगलादेशात नेऊन वितळवून दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्या यायच्या, पुढे २००७ मध्ये स्टीलचं ६ ग्रॅमचं आलं. जाड नाणी अजून मिळतात, पण न वापरलेली, टांकसाळीतून आल्यासारखी चकचकीत मिळणं अवघड, आणि कलेक्टर पैसे देतो ते त्यालाच.

म्हणून नाणं घासू नका, प्लीज. मी शाळेत असताना चिंच-मीठ लावून दोन रुपयांची नाणी लखलखीत केली होती, आज भिंगाखाली त्यावर नुसते बारीक ओरखडे दिसतात, मूळ चमक गेली ती गेलीच. कडेने धरा, कागदी पाकिटात एकेक ठेवा, बस.

एरर कॉइन म्हणजे टांकसाळीतच चुकलेलं नाणं. उभं धरून दाराच्या पानासारखं फिरवा, आपल्या नाण्यांची मागची बाजूही साधारण सरळच यायला हवी, तिरकी किंवा उलटी आली तर डाय, म्हणजे छाप उठवणारा साचा, फिरलेला आहे, ते वेगळं ठेवा. छाप एका बाजूला सरकून कोरी कड उरली असेल तर तेही ठेवा. मात्र हातोडीने चेपलेलं, रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं किंवा ॲसिडने झिजवलेलं नाणं एरर नव्हे, ते खराब झालेलं नाणं.

विकायचं ठरवलंत तर लोक मागतात तो भाव बघू नका, लिलावात प्रत्यक्षात विकलं गेलं तो बघा. पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर दोन-तीन ठिकाणी विचारा. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात म्हणणारा फोन आला आणि आधी फी किंवा टॅक्स भरा म्हणाला तर लगेच कट करा, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन मागत नाही.